विमानाला अर्थिंग कुठं द्यायचं?

(इयत्ता सातवी, सामान्य विज्ञान – 'स्थितिक विद्युत' या धड्याला जोडून)



'स्थितिक विद्युत' हा धडा आपण सगळेच शिकवतो. कंगवा केसांवर घासायचा, कागदाचे कपटे उचलून दाखवायचे, धन प्रभार आणि ऋण प्रभार फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. मीही बरीच वर्षं तेच करत आलो. यंदाच्या जानेवारीत मात्र एका प्रश्नानं मला अडवलं, म्हणून हा लेख.

भोर आणि वेल्ह्याच्या हद्दीवरची आमची शाळा. थंडीचे दिवस, हवा कोरडी. परिपाठ संपला, ऊन चढलं तसं एका मुलीनं डोक्यावरून स्वेटर काढला. चर्र असा आवाज झाला, केस उभे राहिले. आणि तिनं वही काढायला लोखंडी कपाटाला हात लावला, तर "आई गं!" सगळा वर्ग हसला. मला तर आयताच प्रयोग मिळाला. मी सांगितलं, "स्वेटर घासल्यामुळे तिच्या अंगावर प्रभार साठला होता. कपाटाला हात लावताच तो बोटातून कपाटात आणि तिथून जमिनीत गेला. यालाच अर्थिंग म्हणतात."

मागच्या बाकावरून एक हात वर आला. या मुलाचा मामा खडकवासल्याकडे राहतो. "सर, मामाकडं गेलो की लहान पांढरी विमानं दिसतात. ती पण हवेला घासत असणार की. मग त्यांचं अर्थिंग कुठं असतं? ती तर जमिनीला टेकलेलीच नसतात."

मी उत्तर ठोकून दिलं. "विमान धातूचं असतं बाळा, प्रभार सगळ्या अंगावर पसरतो आणि टोकांतून हवेत निघून जातो." मुलं गप्प बसली. घरी येऊन वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की माझं उत्तर अर्धंच बरोबर होतं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे आपल्या एनडीएत, हवाई दलाच्या छात्रांना उड्डाणाची पहिली ओळख 'सुपर डिमोना' नावाच्या मोटर ग्लायडरवर करून देतात. हे ऑस्ट्रियन बनावटीचं विमान धातूच्या पत्र्याचं नाही, फायबरचं आहे. काचेचे तंतू आणि रेझिन. आपल्या छपरावरची फायबरची टाकी असते ना, त्याच जातीचं! आणि फायबर तर विद्युतरोधक. मग प्रभार पसरणार कसा?

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर पहिलं काम केलं ते चूक कबूल करण्याचं. मग आठवडाभर आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो. शेवटी लक्षात आलं, की हा प्रश्न विमानाइतकाच आपल्या पडवीत ठेवलेल्या पेट्रोलच्या कॅनचाही आहे. तो भाग शेवटी येईल. पालकांनी निदान तेवढा तरी जरूर वाचावा.

आधी थोडी उजळणी

दोन वेगळे पदार्थ एकमेकांना घासले की एकाकडचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. ज्याच्याकडे जास्त झाले तो ऋण प्रभारित, ज्याच्याकडे कमी पडले तो धन प्रभारित. इथपर्यंत पुस्तकात आहेच.

मुलांच्या मनात ठसवायची गोष्ट पुढची आहे. वाहकावरचा प्रभार ताटातल्या पाण्यासारखा असतो. ताट एका बाजूनं कलंडलं की सगळं पाणी त्या बाजूनं निघून जातं. रोधकावरचा प्रभार अंगणात सांडलेल्या तांदळासारखा असतो. एका कोपऱ्यातले दाणे उचलले म्हणून दुसऱ्या कोपऱ्यातले आपोआप येत नाहीत. जिथं पडले तिथंच राहतात. पुढचा सगळा पाठ या एका फरकावर उभा आहे.

वर्गात करायचे चार प्रयोग

साहित्य: प्लॅस्टिकची पारदर्शक फाईल, पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, लोकरीचं कापड, पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनिअम फॉइल, पुठ्ठा, प्लॅस्टिकचा कोरडा पेला, टाचणी, कागदाचे कपटे.

*प्रयोग १.* फाईल लोकरीनं जोरात घासा आणि कपट्यांवर धरा. कपटे चिकटतील. आता फाईलच्या एका कोपऱ्याला बोट लावा, म्हणजे तिथं 'अर्थिंग' द्या. परत कपट्यांवर धरा. दुसऱ्या कोपऱ्याला कपटे अजून चिकटतात! बोट लावूनही प्रभार गेला नाही.

*प्रयोग २.* ताटलीएवढा गोल पुठ्ठा फॉइलनं पूर्ण गुंडाळा आणि उपड्या पेल्यावर ठेवा. कडेला फॉइलच्याच दोन अगदी अरुंद, हलक्या पट्ट्या शेजारी शेजारी लोंबत्या अडकवा. पाइप लोकरीनं घासून तो ताटलीच्या कडेवरून ओढा. असं चारपाच वेळा करा. दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून दूर होतील, कारण दोघींवर एकच प्रभार आहे. हा झाला आपला घरगुती विद्युतदर्शी. आता ताटलीला कुठंही एकदाच बोट लावा. पट्ट्या धपकन खाली! एका स्पर्शात सगळी ताटली रिकामी झाली.

*प्रयोग ३.* त्याच ताटलीच्या कडेला एक टाचणी अशी चिकटवा, की तिचं टोक बाहेर रोखलेलं राहील. टाचणी फॉइलला टेकलेली हवी. पुन्हा प्रभार द्या. या वेळी पट्ट्या फाकल्या तरी कुणी हात न लावता बऱ्याच जवळ येतात. अणकुचीदार टोकापाशी प्रभाराची दाटी होते आणि तो तिथून हवेत झिरपतो. पट्ट्या कदाचित पूर्ण मिटणार नाहीत, कारण प्रभार एका पातळीखाली गेला की झिरपणं थांबतं. हेही मुलांना दाखवा.

*प्रयोग ४.* फाईल पुन्हा घासा. आता ती किंचित ओलसर फडक्यानं सगळीकडून पुसा आणि कपट्यांवर धरा. काही चिकटत नाही. पाण्याच्या पातळ थरानं प्रभाराला सगळीकडे वाट करून दिली.

शिक्षकांसाठी सूचना: हे प्रयोग डिसेंबर ते फेब्रुवारीतच करा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, वह्यासुद्धा दमट लागतात. तेव्हा हे प्रयोग हमखास फसतात. ते का फसतात, हा प्रश्न मात्र पावसाळ्यातच विचारा. प्रयोग ४ झाला असेल तर उत्तर मुलंच देतील.

आकाशात प्रभार येतो कुठून?

माझ्या विद्यार्थ्याचा अंदाज बराचसा बरोबर होता. फक्त कोरड्या, स्वच्छ हवेच्या घासण्यानं फारसं काही होत नाही. विमान धूळ, पाऊस, हिम किंवा ढगातले बर्फाचे कण यांतून जातं, तेव्हा प्रत्येक कण विमानाला आपटतो आणि जाताना थोडा प्रभार ठेवून किंवा घेऊन जातो. असे असंख्य कण आपटले की विमानाचं अंग हजारो व्होल्टपर्यंत प्रभारित होतं. प्रभारित ढगाजवळून जातानाही असा परिणाम होतो.

वैमानिकाला हे पहिल्यांदा कळतं ते कानाला. हेडफोनमध्ये खरखर, घरघर सुरू होते. कधी ती एवढी वाढते की नियंत्रण कक्षाचं बोलणं ऐकू येत नाही. प्रभार टोकांतून किंवा फटींतून उड्या मारत बाहेर पडतो आणि प्रत्येक उडीला रेडिओत आवाज येतो. वीज कडाडली की जुन्या रेडिओत कडकड यायची, ती आठवा. ढगात, पावसात, जेव्हा रेडिओची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो दगा देतो. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्यानं आणि नौदलानं या एका त्रासावर खास संशोधन हाती घेतलं होतं. रात्री अशा वेळी विमानाच्या टोकांवर निळसर-जांभळी प्रभाही दिसते. जुन्या काळी खलाशांना हीच प्रभा वादळात जहाजाच्या डोलकाठीवर दिसायची.

धातूच्या विमानात यावर उपाय सोपा आहे. पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला पेन्सिलीएवढ्या बारीक काड्या लावलेल्या असतात. पुण्याच्या विमानतळावरून कधी प्रवास केलात तर खिडकीतून पंखाच्या मागच्या कडेकडे बघा, दिसतील. त्या म्हणजे आपल्या प्रयोग ३ मधली टाचणी. फरक एवढाच, की त्या मुद्दाम जास्त रोध असलेल्या पदार्थाच्या करतात. त्यामुळे प्रभार उड्या न मारता हळूहळू, आवाज न करता झिरपतो. मुलाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे असं आहे: हवेतल्या विमानाला जमीन मिळत नाही, म्हणून ते आपला प्रभार हवेलाच परत देतं.

घरी बांधलेलं विमान आणि फायबर

'घरी विमान बांधतात' म्हटलं की मुलांचे डोळे मोठे होतात. आपल्याकडचं उदाहरण सांगा. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकानं मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं त्याची नोंदणी केली.

परदेशात अशी हौशी विमानं हजारोंनी आहेत आणि त्यांतली बरीचशी फायबरग्लासची. ही लाट आणण्यात बर्ट रुटान या अमेरिकी अभियंत्याचा मोठा वाटा आहे. 'व्हॅरीईझी' आणि १९७९ साली पहिल्यांदा उडालेलं 'लाँग-ईझी' ही त्याची विमानं. पद्धत मुलांना लगेच समजते. गणपतीच्या मखरासाठी पूर्वी आपण तापलेल्या तारेनं थर्माकोल कापायचो ना? तसाच फोमचा ठोकळा तापल्या तारेनं पंखाच्या आकाराचा कापायचा, त्यावर काचतंतूंचं कापड पसरायचं, इपॉक्सी रेझिन चोपडायचं आणि वाळू द्यायचं. साचा नको, रिव्हेट नको. अंग हलकं, मजबूत आणि गुळगुळीत होतं. आपल्या देशातही बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं 'हंसा' हे दोन आसनी प्रशिक्षण विमान अशाच संमिश्र पदार्थांचं बनवलं. त्याचं पहिलं उड्डाण १९९३ साली झालं.

पण फायबर म्हणजे प्रयोग १ मधली फाईल. पंखाच्या पुढच्या कडेला कण आपटतात, तिथं प्रभार साठतो आणि तिथंच बसून राहतो. जागोजागी त्याची तळी तयार होतात. एखादं तळं फार भरलं की पृष्ठभागावरून सरपटत ठिणगी निघते आणि जवळच्या एखाद्या धातूच्या भागावर, स्क्रूवर किंवा अँटेनावर उडी घेते.

दुसरी अडचण बेटांची. धातूच्या विमानात बिजागरी, दांडे, इंजिन हे सगळं त्या पत्र्यामुळे आपोआप एकमेकांना जोडलेलं असतं. फायबरच्या विमानात प्रत्येक धातूचा भाग रोधकाच्या समुद्रात एकटा पडलेला असतो. प्रत्येकावर वेगळा प्रभार साठतो आणि दोन बेटांमध्ये ठिणग्या उडतात.

मग बांधणारे काय करतात?

पहिलं काम, बेटं जोडणं. बिजागऱ्या, नियंत्रणाचे दांडे, इंधनाच्या टाकीचं तोंड, इंजिन, सगळे धातूचे भाग तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं किंवा तारेनं एकमेकांना जोडतात. हे अंग बंद करण्याआधी, बांधतानाच करावं लागतं. नंतर तार घालायची म्हणजे पंख फोडायचा.

दुसरं काम, पृष्ठभागाला वाट देणं. पंखाच्या आणि शेपटीच्या पुढच्या कडांना कार्बनचे कण मिसळलेला, किंचित विद्युत वाहणारा रंग देतात आणि हा थर आतल्या तारांना जोडतात. हे आपल्या प्रयोग ४ मधलं ओलसर फडकं. रंग तांब्यासारखा उत्तम वाहक असायची गरज नसते. प्रभार हळूहळू वाहिला तरी पुरतो. उलट फायबरच्या विमानात अँटेना बऱ्याचदा अंगाच्या आतच लपवलेली असते, कारण फायबरमधून रेडिओलहरी आरपार जातात. तिच्यावरून धातूची जाळी घातली तर रेडिओच मुका होईल.

तिसरं काम, काड्या लावणं. इथं हौशी माणसं हमखास चुकतात. धातूच्या विमानावर काड्या बघतात आणि तशाच आणून उघड्या फायबरवर चिकटवतात. त्यांचा काहीच उपयोग होत नाही. विहिरीला न जोडलेला पाइप शेतात नेऊन ठेवल्यासारखं ते आहे. काडी त्या वाहक थराला किंवा तारेला जोडली तरच प्रभार तिच्यापर्यंत पोचतो.

मुलाच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर असं: ज्याच्या अंगात वाट नाही, त्याला आधी वाट बांधून द्यावी लागते. मगच टोकाचा उपयोग.

खरा धोका जमिनीवर

हवेतला प्रभार बहुतेक वेळा रेडिओला त्रास देतो. पण लहान फायबर विमानात स्थितिक विद्युतनं आग लागायची भीती सगळ्यात जास्त असते ती जमिनीवर, इंधन भरताना.

का ते आकड्यांत पाहू. हे गणित मोठ्या मुलांसाठी. माणसाच्या शरीराची विद्युत धारिता साधारण १०० ते २०० पिकोफॅरड असते. १५० धरू. थंडीच्या कोरड्या दिवसात चालण्या-बसण्यानं अंगावर १०,००० व्होल्ट साठणं काही नवलाचं नाही. ऊर्जा म्हणजे धारिता गुणिले व्होल्टचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येतं ७.५ मिलिज्यूल. आपल्याला नुसता चिमटा बसतो. पण पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल तर तिला पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. म्हणजे कपाटाला हात लावताना त्या मुलीच्या बोटातून उडाली तशी ठिणगी पेट्रोलच्या वाफेला लागणाऱ्या ठिणगीच्या तीसपट असू शकते. आणि पेट्रोलची वाफ आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही तयार होतेच. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतं.

लहान मुलांसाठी सोपा अंदाज: हवेत ठिणगीला दर मिलिमीटर उडीसाठी सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. तीन मिलिमीटरची ठिणगी दिसली तर समजा, नऊ-दहा हजार व्होल्ट होते.

त्यात भर म्हणजे इंधन स्वतःही प्रभारित होतं. पाइपमधून, गाळणीतून वाहताना त्याचं घर्षण होतं आणि ते प्रभार घेऊन टाकीत पडतं. टाकी धातूची आणि जोडलेली असेल तर प्रभार निघून जातो. फायबरच्या टाकीत त्याला वेळ लागतो. म्हणून अशा विमानांचे जाणते मालक काही गोष्टी कधीच चुकवत नाहीत:

- टाकीचं झाकण उघडण्याआधी जमिनीची तार विमानाच्या धातूच्या, आतून जोडलेल्या भागाला लावायची. ती काढायची झाकण बंद झाल्यावरच.
- नळीचं तोंड टाकीच्या धातूच्या कडीला टेकवायचं आणि भरून होईपर्यंत टेकलेलंच ठेवायचं.
- धातूचं नरसाळं वापरायचं आणि तेही कडीला टेकलेलं. प्लॅस्टिकचं नरसाळं आणि प्लॅस्टिकचा कॅन नाही.
- झाकणाजवळचा पंख कोरड्या नायलॉनच्या कापडानं पुसायचा नाही. पुसणं म्हणजे प्रयोग १ पेट्रोलच्या तोंडाशी करणं!

वीज पडणं ही वेगळी गोष्ट

इथं मुलं विचारतातच, "सर, मग या काड्या लावल्या तर विमानावर वीज पडत नाही का?" स्पष्ट सांगा: काड्या विजेपासून वाचवत नाहीत. स्वेटरची ठिणगी काही मिलिज्यूलची, आकाशातली वीज अब्जावधी ज्यूलची. १७ एप्रिल १९९९ रोजी इंग्लंडमध्ये डन्स्टेबलजवळ एका फायबरग्लासच्या ग्लायडरवर वीज पडली. पंखातल्या धातूच्या नियंत्रण दांड्यांतून ती गेली, आतली हवा स्फोटासारखी फुगली आणि पंख फुटले. आतले दोघं पॅराशूटनं उतरले म्हणून वाचले. मोठ्या प्रवासी विमानांत, उदाहरणार्थ कार्बनतंतूंच्या बोईंग ७८७ मध्ये, यासाठी अंगातच तांब्याची बारीक जाळी घालतात. हौशी विमानात ती सहसा नसते. तिथं एकच उपाय, गडगडाटी ढगाच्या वाटेला न जाणं.

आपल्यालाही तोच नियम. एप्रिल-मे मध्ये आणि परतीच्या पावसात राजगड, तोरणा चढायला किंवा रानात गुरं घेऊन जाण्याआधी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप जरूर बघा. गडगडाट ऐकू आला की बुरुज, माळ आणि एकटं झाड सोडा.

आता आपल्या पडवीतला कॅन

पालकहो, हा भाग तुमच्यासाठी.

आपल्या बऱ्याच वाड्यांपासून पेट्रोल पंप लांब आहे. घाट उतरून दरवेळी कोण जाणार? म्हणून माणूस नसरापूरला किंवा भोरला गेला की येताना कॅन भरून आणतो. ग्रास कटरला, फवारणीच्या पंपाला, अडल्या-नडल्या मोटारसायकलला लागतं. घरात ते पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओततात आणि "जा रे, काकाला नेऊन दे," म्हणून पोराच्या हातात देतात. मी कुणाला नावं ठेवत नाही. मागच्या वर्षीपर्यंत शाळेच्या मैदानातलं गवत कापताना मी स्वतः प्लॅस्टिकच्या कॅनमधून, प्लॅस्टिकच्या नरसाळ्यातून, त्यात जुन्या नायलॉन ओढणीचं फडकं लावून पेट्रोल ओतत होतो. आणि नरसाळं धरायला सातवीचा मुलगा उभा असायचा. फायबरच्या विमानाबद्दल वाचताना मला एकदम तो दिवस आठवला आणि अंगावर काटा आला. जे करायचं नाही म्हणून विमानवाले शिकवतात, ते सगळं मी एकाच वेळी करत होतो.

"आजवर काही झालं नाही," असं कुणी म्हणेल. खरं आहे. त्याचं एक कारण म्हणजे आपली हवा वर्षातले बरेच महिने दमट असते. पण गवत कापायची वेळ येते पाऊस सरल्यावर, हवा कोरडी झाल्यावर.

"कॅनला हात लावून अर्थिंग दिलं की झालं," असंही कुणी म्हणेल. प्रयोग १ आठवा. प्लॅस्टिकला एका जागी हात लावून सगळा प्रभार जात नाही. म्हणून काळजी ही अशी:

१. बाटलीत पेट्रोल नकोच. पंपावर तशी पाटी असते, ती आपल्यासाठीच आहे. पेट्रोलसाठी बनवलेला, घट्ट झाकणाचा डबा घ्या. शक्यतो धातूचा.

२. पंपावर डबा भरून घेताना तो गाडीवर, टेम्पोच्या हौद्यात किंवा मांडीवर ठेवू नका. जमिनीवर ठेवा. रबर आणि प्लॅस्टिकवर ठेवला की त्याचा जमिनीशी संबंध तुटतो. नळीचं तोंड डब्याला टेकलेलं राहू द्या.

३. झाकण उघडण्याआधी, कॅनपासून दूर असलेल्या जमिनीतल्या लोखंडी खांबाला किंवा गेटला हात लावा. म्हणजे आपल्या अंगावरचा प्रभार वाफेपासून लांब निघून जाईल. एकदा ओतायला सुरुवात केली की मध्येच उठून स्वेटर काढू नका.

४. इंजिन बंद आणि थंड झाल्यावरच ओता. धातूचं नरसाळं यंत्राच्या टाकीला टेकवून हळूहळू ओता. गाळायला नायलॉनचं फडकं नको.

५. मुलांना या कामापासून लांब ठेवा. धरायलासुद्धा उभं करू नका.

६. शिक्षकांनो, ठिणगीचा प्रयोग पेट्रोल, स्पिरिट किंवा सॅनिटायझर जवळ ठेवून कधीही करू नका. 'थोडंसंच घेतो' हेही नको.

आमच्या शाळेत आता पत्र्याचा डबा आणि पत्र्याचं नरसाळं आहे. गवत कापायच्या दिवशी मुलं वऱ्हांड्यात थांबतात.

मुलांना विचारायचे प्रश्न

१. प्लॅस्टिकच्या फाईलला एका कोपऱ्यात बोट लावूनही दुसरा कोपरा कपटे का उचलतो?

२. पुरात अडकलेल्या माणसासाठी हेलिकॉप्टरमधून सोडलेला तारेचा दोर लगेच हातानं धरू नये, आधी तो जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्यावा, असं का सांगतात? (हेलिकॉप्टरच्या फिरत्या पात्यांवर धूळ आणि थेंब आपटून प्रभार साठतो. दोर जमिनीला टेकला की तो निघून जातो. नाहीतर माणसातून जातो.)

३. उघड्या फायबरवर चिकटवलेली काडी निरुपयोगी का?

४. हेल्मेटची काच कोरड्या कापडानं पुसली की पुन्हा लगेच धूळ का बसते? कशानं पुसावी?

५. आपल्या घरात फायबरच्या किंवा प्लॅस्टिकच्या कोणत्या वस्तू आहेत? त्यांतल्या कोणत्या वस्तूजवळ पेट्रोल असतं?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर वहीत नको. मुलांना घरी जाऊन बघायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बोलू द्या. आमच्या वर्गात वीस मुलांपैकी अकरा जणांच्या घरी बाटलीत पेट्रोल निघालं. एका मुलीच्या घरी ती बाटली चुलीच्या खोलीत होती. तिनं आजोबांना फाईलचा प्रयोग करून दाखवला. आजोबांनी बाटली उचलून गोठ्यापलीकडच्या खोपटात ठेवली, आणि पुढच्या बाजाराला पत्र्याचा डबा आणला.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला मी नंतर विचारलं, "आता सांग, विमानाला अर्थिंग कुठं असतं?" तो म्हणाला, "हवेतच सर. पण वाट आधी बांधावी लागते."

तुमच्या वर्गात हे प्रयोग केलेत, काही फसलं, काही नवीन सुचलं, तर जरूर कळवा. आणि मुलांच्या प्रश्नाला माझ्यासारखं घाईनं उत्तर ठोकून देऊ नका. "उद्या बघून सांगतो," असं म्हणायला काहीच हरकत नाही.